जुनी स्टीलची सायकल घेऊन लांबच्या प्रवासाला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरं दोन प्रकारच्या वाचकांसाठी आहेत. काहींच्या घरी आजोबांची २८ इंची सायकल जिन्याखाली पडून आहे आणि ती घेऊन कोकणात उतरावंसं त्यांना वाटतंय. काही जण पुण्या-मुंबईत, किंवा इंग्लंड-अमेरिकेत राहताना, जुनी गिअरची स्टीलची टूरिंग सायकल विकत घ्यायच्या विचारात आहेत. दोघांचे प्रश्न बरेचसे सारखे असतात. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: फ्रेम सरळ आणि तुमच्या मापाची हवी, चाकं भरवशाची हवीत, ब्रेक लागायला हवेत. रंग, क्रोम, स्टिकर हे सगळं त्यानंतर.

नवीन सायकल सोडून जुनी स्टीलचीच का घ्यायची?

स्टील दुरुस्त होतं, म्हणून. ॲल्युमिनियमची फ्रेम वाकली किंवा तडकली की बहुतेक वेळा ती संपलीच. स्टीलची वाकलेली फ्रेम जाणकार माणूस सरळ करतो, तुटलेला कॅरिअरचा कान पितळेच्या वेल्डिंगने परत बसवतो. लांबच्या प्रवासात ही गोष्ट फार मोलाची आहे. माणगाव, दापोली, राजापूर अशा गावात कार्बनच्या फ्रेमला कोणी हात लावणार नाही. पण २८ इंची सायकलचा टायर, ट्यूब, तारा आणि कॉटर पिन (पायडलचा दांडा एक्सलवर धरून ठेवणारी पाचर) तिथल्या दुकानात मिळायची शक्यता चांगली असते.

वजन जास्त असतं, हे खरं. पूर्ण साजासह जुनी २८ इंची सायकल साधारण २० किलोच्या घरात जाते. चांगल्या नळ्यांची टूरिंग सायकल १२-१३ किलोची असते. ज्यांना वेगाची आवड आहे त्यांनी पहिल्या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये. रोज साठ-सत्तर किलोमीटर, वाटेत चहा, गप्पा आणि एखादं देऊळ बघत जाणाऱ्याला ती पुरेशी आहे.

टूरिंगची सायकल आणि साधी सायकल यांत नेमका फरक काय?

मागच्या चाकापासून सुरुवात करा. पायडलच्या मधल्या एक्सलपासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर टूरिंगच्या फ्रेममध्ये साधारण ४३ ते ४६ सेंटिमीटर असतं. रेसिंगच्या फ्रेममध्ये ते ४०-४१ वर येतं. हे अंतर कमी असलं की कॅरिअरला लावलेल्या बॅगेवर दर फेऱ्याला टाच आपटते. शिवाय सायकल आखूड असल्याने मागचं ओझं चढावर पुढचं चाक हलकं करतं.

दुसरं, मागच्या आणि पुढच्या एक्सलजवळ कॅरिअर आणि मडगार्ड बसवायला आट्यांची भोकं आहेत का ते बघा. तिसरं, टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये मडगार्ड बसेल इतकी मोकळी जागा हवी. आपल्या २८ इंची सायकलींमध्ये हे सगळं आयतंच असतं. दूधवाले, पेपरवाले, पोस्टमन यांनी पिढ्यान् पिढ्या त्यांच्यावर ओझी वाहिली आहेत. त्या घडवल्याच ओझ्यासाठी आहेत.

कोणत्या मेकची घ्यावी?

भारतातल्या जुन्या बाजारात बहुधा ही नावं भेटतात: पश्चिम बंगालमधल्या आसनसोलला बनलेली सेन-रॅले, चेन्नईजवळ अंबत्तूरच्या टीआय सायकल्सच्या हर्क्युलिस, बीएसए आणि फिलिप्स, सोनीपतची ॲटलास, लुधियानाची हीरो आणि ॲव्हॉन. टीआय १९४९ ची, ॲटलास १९५१ ची, हीरो १९५६ ची. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद झाला, तेव्हापासून तिच्या जुन्या सायकलींबद्दल लोकांना जरा जास्तच माया वाटू लागली आहे. या कारखान्यांच्या आधीच्या काळातल्या, थेट इंग्लंडहून आलेल्या रॅले, हंबर, रज अशाही अधूनमधून निघतात.

मेकला मी तिसरा-चौथा क्रमांक देतो. पावसात न भिजलेली साधी हीरो ही अंगणात वीस पावसाळे काढलेल्या नॉटिंगहॅमच्या रॅलेपेक्षा प्रवासाला चांगली. संग्रहासाठी घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी आधी पुण्यातल्या कर्वेनगरचं विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय बघून यावं. मूळ दिवे, डायनामो, चेनकव्हर कसे असतात ते तिथे डोळ्यांनी बघता येतं आणि मग बाजारात कोणी भलतंच काही ‘ओरिजिनल’ म्हणून गळ्यात मारू शकत नाही.

परदेशात राहणाऱ्यांसाठी निवड मोठी आहे. इंग्लंडमध्ये डॉज गॅलक्सी, अमेरिकेत मियाता १००० किंवा अलीकडची सर्ली लाँग हॉल ट्रकर या खास टूरिंगसाठीच बनलेल्या. आणखी एक वाट आहे जी लोक विसरतात: १९८०-९० च्या दशकातल्या, सस्पेन्शन नसलेल्या स्टीलच्या माउंटन बाइक. मागचा भाग लांब, कॅरिअरची भोकं असलेल्या, तीन पुढच्या चकत्यांच्या आणि टूरिंगच्या नावावर जी किंमत वाढते ती न वाढलेल्या.

फ्रेमवर ‘रेनल्ड्स ५३१’ लिहिलंय. त्याला एवढं महत्त्व का?

रेनल्ड्स या नळ्या बनवणाऱ्या इंग्लिश कंपनीने ५३१ ही मँगनीज-मॉलिब्डेनमची मिश्रधातू १९३५ मध्ये बाजारात आणली. तिच्या नळ्या टोकाला जाड आणि मध्ये पातळ असतात: जोडाजवळ जोर येतो तिथे धातू जास्त, मधल्या भागात कमी. त्यामुळे फ्रेम हलकी होते आणि खडबडीत रस्त्यावर थोडी लवचीक वाटते. कोलंबस आणि टँगे यांच्या क्रोम-मॉलिब्डेनम नळ्यांचंही तेच.

स्टिकर मात्र कोणीही चिकटवू शकतं. खात्रीचा एक मार्ग आहे: सीटची दांडी बाहेर काढून तिचा व्यास व्हर्निअर कॅलिपरने मोजा. तो २७.२ मिलिमीटर निघाला तर सीटची नळी पातळ भिंतीची, म्हणजे बहुधा चांगल्या प्रतीची. २५.४ किंवा २६ च्या आसपास निघाला तर नळी जाड, साध्या स्टीलची. साधं स्टील वाईट नसतं, फक्त त्याची किंमत ५३१ च्या भावाने देऊ नका.

माझ्या उंचीला कोणतं माप बसेल?

आपल्याकडच्या दांडीच्या सायकली मुख्यतः २२ आणि २४ इंची फ्रेममध्ये येतात. टायरचं २८ इंच हे माप वेगळं, फ्रेमचं वेगळं. दुकानात दोन्हींची सरमिसळ होते. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून, चपला-बूट घालून उभे राहा. दांडी आणि तुमच्यामध्ये दोन-तीन बोटांची जागा हवी. साधारण साडेपाच फुटांच्या माणसाला २४ इंची मोठी पडते. मोठ्या फ्रेमवर सीट खाली करून भागत नाही, कारण हँडलपर्यंतचं अंतर तसंच राहतं आणि तिसऱ्या दिवशी मान आणि खांदे धरतात.

माप बसत नसेल तर सायकल कितीही देखणी असो, सोडून द्या.

घ्यायला गेल्यावर काय तपासायचं?

शक्यतो दिवसा उजेडी जा. खिशात पाच-सहा हात दोरा, स्टीलची पट्टी, एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणि फडकं असू द्या. सायकल धुऊन ठेवायला सांगू नका. धूळ-तेलाचा थर बरंच काही सांगतो.

सर्वांत आधी हँडलच्या खाली, जिथे वरची दांडी आणि खालची तिरकी नळी पुढच्या उभ्या नळीला मिळतात तिथे बघा. समोरून धडक बसलेली असेल तर या जोडाच्या मागे, नळीच्या खालच्या अंगाला, रंगाला सुरकुती पडलेली असते. डोळ्यांना दिसली नाही तरी बोटाला लागते. तसंच बाजूने उभे राहून पुढचा फोर्क बघा: वरचा सरळ भाग हँडलच्या नळीच्या रेषेत असायला हवा, मग खाली पुढे वळायला हवा. तो मागे दबलेला दिसला तर धडक नक्की. फोर्क बदलता येतो, सुरकुती पडलेली फ्रेम ओझ्यासाठी घेऊ नका.

मग दोरा. मागच्या एक्सलच्या एका टोकाला बांधा, पुढे नेऊन हँडलच्या नळीला वळसा घाला आणि दुसऱ्या बाजूने परत मागे आणून दुसऱ्या टोकाला बांधा. ताठ ताणा. आता सीटच्या नळीपासून दोऱ्याचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला मोजा. दोन्ही सारखी आली तर मागचा भाग मध्यावर आहे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सरळ करता येतो. त्याहून जास्त असेल तर किंमत पाडा किंवा निघा.

पुढे गंज. पायडलचा मधला डबा उलटा करून खालून बघा, मागच्या एक्सलजवळचे जोड बघा, सीटच्या पकडीखाली चीर आहे का बघा. रंगाचा फोड दिसला की स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. टोक टणकन थांबलं तर गंज वरवरचा. पोपडा निघून टोक आत शिरलं तर नळी खाल्ली गेली आहे. रत्नागिरी, मालवण, गोव्याच्या किनाऱ्यावर वापरलेल्या सायकलींना ही तपासणी दुप्पट काळजीने करा. खारी हवा नळीच्या आतून काम करते आणि वरचा रंग तसाच राहतो.

शेवटी दोन प्रश्न: सीटची दांडी हलते का? हँडलचा गज वर-खाली होतो का? दोन्ही हलले तर पुढचं अर्धं काम सोपं झालं.

चेन मोजायलाही पट्टी वापरा. १२ पूर्ण कड्या (एक आतली आणि एक बाहेरची मिळून एक पूर्ण कडी) बरोबर १२ इंच भरल्या पाहिजेत. अष्टमांश इंच जास्त भरली तर चेन आणि फ्रीव्हील (मागच्या चाकावरची दातेरी चकती) दोन्ही बदलायची, असं धरून भाव करा.

सायकल चोरीची नाही हे कसं कळणार?

विकणाऱ्याकडून नाव, पत्ता, तारीख आणि फ्रेमचा नंबर लिहिलेली सही केलेली चिठ्ठी घ्या, आणि ओळखपत्राचा फोटो. नंबर सीटच्या जोडावर, मागच्या एक्सलजवळ किंवा पायडलच्या डब्याखाली ठोकलेला असतो. तो कानसीने घासलेला दिसला तर हात जोडून परत फिरा. पुण्याच्या जुन्या बाजारातून घेतानाही हाच नियम.

जुन्या सायकलींवर कधीकधी नगरपालिकेच्या सायकलकराचा पितळी बिल्ला सापडतो. तो काढून टाकू नका, पॉलिशही करू नका. सायकलची ती जन्मपत्रिका आहे.

इंग्लिश सायकलला स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब (चाकाचा मधला भाग, ज्याच्या आतच गिअर असतात) असेल तर त्याच्या कवचावर बहुतेक वेळा वर्ष आणि महिना ठोकलेला असतो. हब मूळचाच असेल तर सायकलचं वय तिथेच कळतं.

गंज कसा काढायचा?

रंगाखालचा गंज आणि क्रोमवरचा गंज यांना वेगवेगळं वागवा.

क्रोमसाठी स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियमची फॉइल पाण्यात बुडवून, चुरगाळून हळू घासा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत आणि तपकिरी डाग निघून जातात. वर मेण लावा. जिथे क्रोम उडून खड्डे पडलेत तिथे ते राहणार.

नटबोल्ट, ब्रेकचे गज, कॅरिअरचे पाय असे सुटे स्टीलचे भाग ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्यात टाका: दहा लिटर पाण्याला साताठ मोठे चमचे. रात्रभरात गंज सुटतो, चांगला रंग बहुधा टिकतो. तरी स्टिकरवर आधी कोपऱ्यात करून बघा. हे विष आहे. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा, आणि बादली मुलं-जनावरांपासून दूर. ॲल्युमिनियमचे भाग त्यात घालू नका. काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यातून खळबळून लगेच पुसून कोरडे करा आणि तेलाचा हात फिरवा, नाहीतर तासाभरात पिवळी पावडर धरते.

नळ्यांच्या आतल्या बाजूसाठी जवसाचं तेल. सीटच्या नळीतून आणि पायडलच्या डब्यातून थोडं ओता, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं गळू द्या आणि आठवडाभर वाळू द्या. वाळल्यावर त्याचा पातळ थर तयार होतो. कोकणातल्या पावसात जाणार असाल तर हे टाळू नका. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेऊ शकतात; मोकळी पसरून वाळवा.

सीटची दांडी अडकली आहे. काय करू?

दांडी स्टीलची असेल तर पकड सैल करून वरून पातळ तेल सोडा आणि दोन-तीन दिवस थांबा, रोज थोडं तेल. मग जुनी सीट लावून तिलाच मुठीसारखं धरून डावी-उजवीकडे पिळा. वर ओढू नका, आधी फिरली पाहिजे. दांडी ॲल्युमिनियमची असेल तर दोन धातूंमध्ये क्षार धरलेला असतो आणि तिथे तेलापेक्षा अमोनिया जास्त चालतो. फ्रेमला पाइप घालून पिळायचा मोह आवरा, पातळ नळी चिमटते. फारच हट्टी असेल तर दांडी आतून करवतीने उभी कापून काढणारा माणूस शोधा. वेळखाऊ काम आहे, पण फ्रेम वाचते.

कॉटर पिन निघत नाही. हातोडी मारू का?

मारा, पण आधी तयारी करा. सगळ्यांत जास्त नुकसान याच कामात होतं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, एक्सलवर धरून ठेवणारी ही पाचर आहे: एका बाजूला चपटी, टोकाला आटे आणि नट. आदल्या दिवशी दोन्ही बाजूंनी तेल सोडा. नट सैल करा, पण काढून टाकू नका. आट्यांच्या टोकाबरोबर सपाट येईल इतकाच ठेवा, म्हणजे घाव आट्यांवर न बसता नटवर बसेल. आता क्रँकखाली, पिनच्या डोक्याभोवती बसेल असा जाड लोखंडी पाइपचा तुकडा उभा ठेवा आणि त्याचा दुसरा शेवट थेट फरशीवर टेकवा. हा आधार नसेल तर प्रत्येक घाव आतल्या छऱ्यांवर आणि कपांवर (छऱ्यांच्या वाट्यांवर) बसतो आणि तिथे खड्डे पडतात. मग जड हातोडीचा एकच जोरदार, सरळ घाव. टकटक करत राहिलात तर पिनचं टोक फुलतं आणि ती आणखी घट्ट बसते. बाकावरचा वाइस मिळाला तर हातोडीचीही गरज नाही: एका जबड्यात पिनच्या डोक्याला जागा देणारा सॉकेट आणि दुसऱ्याने दाब.

नवी पिन तशीच ठोकू नका. तिची चपटी बाजू कानसीने सपाट करत, पुनःपुन्हा बसवून बघत, दोन्ही क्रँक एका रेषेत येईपर्यंत घासावी लागते. दोन्ही पिना उलटसुलट दिशेने घालायच्या, नाहीतर पायडल वाकडे उभे राहतात. ठोकून बसवल्यावर नट आवळा, पन्नासेक किलोमीटर चालवा आणि परत ठोकून आवळा. नुसत्या नटने पिन आत ओढायचा प्रयत्न केला तर आटे जातात.

ओव्हरहॉलिंग घरी करता येईल का?

येईल, आणि करावं. प्रवासात बिघडलं तर काय उघडायचं हे हाताला माहीत असतं. लागणारं सामान थोडं: रॉकेल, ग्रीस, कोनसाठी (हबमधल्या छऱ्यांना दाबून धरणारा शंकूसारखा नट) पातळ पान्हे, कपडे धुवायचा जुना ब्रश आणि नवे छर्रे. छर्रे स्वस्त असतात, जुने परत घालू नका. बहुतेक सायकलींत पायडलच्या डब्यात पाव इंची छर्रे दर बाजूला ११, मागच्या हबमध्ये पाव इंची ९, पुढच्या हबमध्ये ३/१६ इंची १० असतात. तरी उघडताना मोजा, कारण आधीच्या कारागिराने एखादा कमी-जास्त घातलेला असू शकतो.

आट्यांच्या दिशा लक्षात ठेवा. डावा पायडल उलट्या आट्यांचा असतो. इंग्लिश पद्धतीच्या डब्यात उजवा कपही उलट्या आट्यांचा. चुकीच्या बाजूने जोर लावून लोक तो कायमचा जाम करतात. तो कप चांगला गुळगुळीत असेल तर काढूच नका. जागेवरच पुसून ग्रीस भरा.

कोन कसा बसवायचा हे हाताने कळतं. चाक हातात घेऊन एक्सल बोटांनी फिरवा: वाळूवर फिरल्यासारखं लागलं तर जास्त घट्ट. रिम धरून डावी-उजवीकडे हलवल्यावर टकटक झाली तर सैल. दोन्हींच्या मध्ये एक जागा असते. काउंटर नट आवळताना कोन सरकतो, म्हणून तो आवळल्यावर परत तपासायचं. चाक सोडल्यावर व्हॉल्व्हच्या वजनाने ते हळूच फिरून व्हॉल्व्ह खाली येऊन थांबलं, की झालं.

टायरचं माप कळत नाही. २८ इंच, ७०० सी, २७ इंच, सगळं एकच का?

अजिबात नाही. इंचातली मापं फसवतात. टायरच्या बाजूवर छापलेला मिलिमीटरचा आकडा बघा. आपल्या नेहमीच्या २८ × १½ सायकलचा आकडा ६३५. जुन्या इंग्लिश-अमेरिकन टूरिंग सायकलच्या २७ × १¼ चा ६३०. आजच्या ७०० सी चा ६२२. २६ × १⅜ चा ५९०, आणि २६ इंची माउंटन बाइकचा ५५९. ६३० आणि ६२२ इतके जवळ असूनही एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही.

महाराष्ट्रात फिरायला ६३५ उत्तम, तालुक्याच्या गावी मिळतो. ६२२ शहरात मिळतो. ६३० ची सायकल घेतलीत तर एक जादा टायर बरोबर ठेवा किंवा रिम ६२२ ची करून घ्या. दोन्हींच्या त्रिज्येत चारच मिलिमीटरचा फरक असल्याने ब्रेकची रबरं थोडी खाली सरकवली की बहुतेक ब्रेक पोचतात.

चाकांचं काय तपासायचं?

सायकल उलटी करून चाक फिरवा आणि ब्रेकच्या रबराकडे बघा. थोडा आउट (डावी-उजवीकडे लचक) असेल तर काढता येतो. रिमला ठोकर बसून चपटा भाग आला असेल तर तो पूर्णपणे कधीच जात नाही. नंतर जोडीजोडीने तारा दाबत जा. सैल, घट्ट, सैल असं लागलं तर आउट जबरदस्तीने काढलेला आहे आणि ओझ्याखाली तारा तुटणार. जुन्या दांडीच्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. मागच्या ४० तारा कॅरिअरवरच्या ओझ्यासाठीच आहेत, त्या बदलून ३६ चा हब घालायची घाई करू नका.

पैसे एकाच ठिकाणी खर्च करायचे असतील तर मागच्या चाकावर करा. नव्या स्टेनलेस तारा आणि चाक बांधणारा शांत हाताचा कारागीर. असे लोक कमी होत चाललेत. सापडला तर त्याची मजुरी पाडू नका.

एका गिअरच्या सायकलने घाट चढतील का?

हिशेब करू. पुढच्या चकतीचे दाते भागिले मागचे दाते गुणिले चाकाचा व्यास. नेहमीचे ४४ आणि १८ धरले तर २८ इंची चाकाला ६८ येतात; आकडा जितका लहान, तितका चढ सोपा. सपाटीवर हे छान, ताम्हिणी किंवा वरंधा घाटात ओझं घेऊन हे बहुतेकांना ढकलत न्यावं लागतं. फ्रीव्हील २२ दात्यांचं बसवलं की आकडा ५६ वर येतो. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल आहे. चेनला थोड्या कड्या वाढवाव्या लागतील.

पुढची पायरी म्हणजे स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा एडब्ल्यू हब. त्याचा खालचा गिअर मूळच्या पाऊणपट, वरचा सव्वापटीपेक्षा थोडा जास्त. ४४ आणि २२ वर तो ४२, ५६ आणि ७५ देतो. जुना हब मिळाला तर आत पातळ मशीनचं तेल सोडा, ग्रीस ठासू नका. केबल सैल असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये पायडल एकदम मोकळं फिरतं. उभं राहून चढताना हे धोक्याचं आहे, म्हणून केबल नीट जुळवूनच निघा.

खऱ्या टूरिंग सायकलीत ३० पुढे, ३२ मागे असं मिळून २५ च्या आसपास आकडा येतो. तिथे घाट हा प्रश्नच उरत नाही.

ढकलत नेण्यात कमीपणा वाटून घेऊ नका. वरंध्यात चालत गेलं की दरी जास्त दिसते.

गजाचे ब्रेक ठेवावेत का?

गजाचे ब्रेक, म्हणजे केबलऐवजी लोखंडी गजांनी ओढले जाणारे, कोरड्या हवेत, सपाटीवर चालतात. ओल्या स्टीलच्या रिमवर रबर जवळजवळ धरतच नाही, आणि हे मी शब्दशः म्हणतोय. पावसाळ्यात घाट उतरायचा असेल तर स्टीलच्या रिमवर विसंबू नका.

गज काढून कॅलिपर (रिमला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारा केबलचा ब्रेक) लावू, असं लोक म्हणतात. पण गजाच्या ब्रेकच्या रिमला बाजूने सपाट पट्टी नसते, ब्रेक आतून लागतो. म्हणजे रिमही बदलावी लागते. ॲल्युमिनियमची ६२२ ची रिम घातली तर त्रिज्या साडेसहा मिलिमीटरने कमी होते, तेव्हा लांब पोचणारा कॅलिपर घ्या. सायकलचं मूळ रूप राखायचं असेल तर निदान पुढे ड्रम ब्रेकचा हब घाला. तो पावसाला दाद देत नाही. स्टर्मी-आर्चरचे असे हब अजून बनतात, आता तैवानमध्ये.

मागे जास्त गिअरचा हब बसवायचाय, पण जागा कमी आहे.

स्टीलमध्ये हे जमतं. पाच गिअरच्या जुन्या फ्रेमला मागे १२० मिलिमीटर जागा असते, सहा-सात गिअरच्या १२६, नंतरच्या रोड सायकलींना १३०, टूरिंग आणि माउंटनला १३५. १२६ च्या फ्रेममध्ये १३० चा हब हाताने फाकवून बसतो. त्यापुढे फ्रेम थंड असतानाच दोन्ही बाजूंना सारखी वाकवून घ्यावी लागते आणि दोऱ्याने परत तपासावी लागते. हे फ्रेम बनवणाऱ्या किंवा असं काम केलेल्या माणसाकडूनच करा. गॅस लावून तापवायला कोणी निघाला तर सायकल उचला. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हे मुळीच करू नये.

रंग परत द्यावा का?

माझं उत्तर बहुतेक वेळा नाही. मूळ रंग, सोनेरी रेघा, हँडलखालच्या नळीवरचा कंपनीचा बिल्ला हे एकदा गेलं की गेलं. झिजलेल्या रंगावर मऊ फडक्याने पॉलिश आणि मेण लावा, उघड्या धातूला प्रायमर आणि जवळच्या छटेचा हात द्या. एवढ्याने सायकल पुढची वीस वर्षं टिकते.

रंग सर्वत्र सुटलाच असेल तर पावडर कोटिंग टिकाऊ आणि परवडणारं आहे. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात करणारे पुष्कळ आहेत. भट्टी १८० ते २०० अंशांची असते, पितळेचे जोड त्याने ढिले होत नाहीत. सँडब्लास्टिंग मात्र हलक्या हाताने करायला सांगा, पातळ नळी असेल तर विशेषच. देण्याआधी डब्याचे आटे आणि हेडसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) बैठकी झाकून घ्या, फ्रेमचा नंबर थराखाली बुजणार नाही हे बघा. बिल्ला आधीच काढून ठेवा.

सीट कोणती?

रुंद स्प्रिंगची चामड्याची सीट ताठ बसून चालवणाऱ्यांना चांगली. चामडं फाटलेलं नसेल तर पुढचा नट थोडा आवळून ते परत ताणता येतं. पावसात झाकायचं, तेलात भिजवायचं नाही.

पहिला मार्ग कोणता निवडू? आणि परत कसं यायचं?

आधी घराजवळ, कॅरिअरवर पाण्याच्या भरलेल्या बाटल्या मिळून दहा-बारा किलो बांधून एक पूर्ण दिवस फिरा. कुठे काय घासतं, काय ढिलं होतं, ते तिथेच कळेल.

त्यानंतर किनारा. रेवस–रेड्डीचा सागरी मार्ग अशा सायकलीला शोभतो. खाड्यांवर फेरीबोटी आहेत: आगरदांडा ते दिघी, वेसवी ते बागमांडला, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. सायकल सहज बोटीत चढते. मात्र सपाट किनारा समजून जाऊ नका. दोन खाड्यांच्या मध्ये प्रत्येक वेळी सडा (कातळाचं पठार) चढावा लागतो आणि तो चढ आखूड पण उभा असतो. २२ दात्यांचं फ्रीव्हील इथे कामाला येतं.

परतीला घाट नको असेल तर रत्नागिरी किंवा मडगावहून कोकण रेल्वे. सायकल स्टेशनच्या पार्सल ऑफिसात बुक करून ब्रेकव्हॅनमधून जाते. गाडी जिथे दोनच मिनिटं थांबते अशा स्टेशनवर बहुधा घेत नाहीत, म्हणून मोठं स्टेशन धरा आणि बराच वेळ आधी पोचा. ओळखपत्राची प्रत जवळ ठेवा. पायडल काढून पिशवीत टाका, हँडल वळवून दांडीला समांतर बांधा, गिअरच्या सायकलीचा मागचा डिरेलर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) पुठ्ठ्याने झाका आणि फ्रेमवर तुमचं नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन लिहिलेली चिठ्ठी सुतळीने दोन ठिकाणी बांधा.